रत्नागिरी ते सावंतवाडी : किनाऱ्यावरचा इतिहास पाहताना

कोकणात सुट्टीला जायचे म्हटले की समुद्र, मासे आणि देवदर्शन यांतच दिवस संपतात आणि वाटेत एखादा किल्ला लागला तर तो तासाभरात उरकला जातो. या हिवाळ्यात आम्ही बेताची मांडणीच बदलली. रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे जायचे, वाटेतल्या ऐतिहासिक वास्तू आणि संग्रहालये यांना दिवसाचा मोठा भाग द्यायचा आणि पुळणीवर संध्याकाळी जायचे, असे ठरवले. बरोबर सत्तरी ओलांडलेली आई, माझे यजमान आणि महाविद्यालयात शिकणारी भाची होती. निघण्यापूर्वी भाचीने एक सूचना केली आणि ती सगळ्या प्रवासाला पुरली : प्रत्येक ठिकाणी पोहोचल्यावर ‘हे इथेच का?’ एवढे विचारायचे आणि काहीतरी पटणारे उत्तर हाती लागेपर्यंत तिथून हलायचे नाही. सनावळ्या घरी बसूनही वाचता येतात. राजवाडा याच टेकडीवर का आणि किल्ला याच बेटावर का, हे मात्र त्या जागी उभे राहिल्याशिवाय नीट उमगत नाही.

बेत आखताना सर्वांत जास्त वेळ गेला तो दिवसाच्या क्रमात. सरकारी संग्रहालये साधारणपणे सोमवारी बंद असतात, म्हणून सोमवार आम्ही किल्ल्यासाठी राखला. हिवाळा असला तरी किनाऱ्यावर अकरानंतर ऊन भाजते, त्यामुळे उघड्यावरच्या जागा सकाळी आणि छपराखालच्या जागा दुपारी, असा क्रम लावला. आईला तो फारच मानवला. दुपारी राजवाड्यातल्या गार फरशीवर बसून ती आमच्यापेक्षा अधिक वेळ एकेक वस्तू पाहत असे. तिसरी गोष्ट भरती-ओहोटीची. रत्नागिरीत आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या काकांनी त्यासाठी कोकणातला जुना हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. ज्यांना होडीने किल्ल्यावर जायचे आहे त्यांनी हा हिशेब करून ठेवावा. पावसाळ्यात मात्र सिंधुदुर्गाकडे होड्या सुटतच नाहीत, तेव्हा जून ते सप्टेंबर हा काळ या प्रवासासाठी धरूच नये.

रत्नागिरीत सुरुवात थिबा राजवाड्यापासून केली. जांभळट लाल भिंती, उतरती छपरे, नक्षीचे लाकूडकाम आणि अर्धवर्तुळाकार खिडक्यांतल्या रंगीत काचा असलेली ही देखणी वास्तू १९१० साली बांधून झाली, आणि तिच्यात राहायला आला तो ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी मंडाले घेतले, राजाला पदच्युत करून आधी मद्रासला आणि पुढल्या वर्षी रत्नागिरीला आणून ठेवले. राजवाडा पुरा होईपर्यंत म्हणजे जवळजवळ पाव शतक त्याने इथल्या बंगल्यांत काढले. नव्या वास्तूत त्याला जेमतेम सहा वर्षे मिळाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो इथेच वारला. १९१९ मध्ये राणी सुपायालत मुलींसह मायदेशी परतली. राजाच्या चार मुलींपैकी सर्वांत धाकटी तर रत्नागिरीतच जन्मलेली होती. तिच्या दृष्टीने ‘मायदेश’ हा ऐकीव प्रदेश असणार, हे मला तिथे प्रथमच जाणवले.

राजवाड्यात आता पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. परिसरात सापडलेल्या जुन्या मूर्ती आणि राजघराण्याच्या वापरातले थोडे सामान असा त्याचा ऐवज आहे. वस्तू मोजक्याच आहेत आणि ज्याला भरगच्च दालने पाहण्याची सवय आहे तो अर्ध्या तासात बाहेर पडेल. माझ्या मते मात्र इथे खरा पाहण्याचा ऐवज ती वास्तू आणि तिची जागा हाच आहे. वरच्या मजल्यावरच्या खिडकीशी उभे राहिले की खाली भाट्याची खाडी आणि पलीकडे उघडा समुद्र दिसतो. भाचीने तिथेच आपला प्रश्न विचारला आणि उत्तर समोर पसरलेले होते. १८८६ साली रत्नागिरीला रेल्वे नव्हती; ती यायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली. पाठीशी सह्याद्रीचे घाट, पुढे समुद्र, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद झाल्या की वर्षातले काही महिने गाव जगापासून तुटलेले. ज्याला जिवंत ठेवायचे आहे पण विस्मृतीत ढकलायचे आहे, अशा माणसासाठी राज्यकर्त्यांना याहून सोयीची जागा सापडली नसती. त्याआधी २८ वर्षांपूर्वी, १८५८ मध्ये, याच राज्यकर्त्यांनी दिल्लीच्या बहादूरशाह जफरला रंगूनला नेऊन ठेवले होते. एका देशाचा शेवटचा बादशहा तिकडे आणि तिकडचा शेवटचा राजा इकडे. संग्रहालयात या दोघांची गोष्ट एकत्र सांगणारा एखादा मोठा नकाशा असायला हवा, असे मला फार वाटले, कारण समुद्रमार्ग डोळ्यांपुढे आल्याशिवाय या शिक्षेचा अर्थ पूर्ण कळत नाही.

राजाची समाधी राजवाड्यापासून लांब नाही. तिथे तो आणि धाकटी राणी सुपायागले अशा दोघांच्या समाध्या आहेत. आई तिथे बराच वेळ उभी राहिली. “इतक्या दूरदेशी आणून ठेवलं, त्यातल्या त्यात शेजारी आपलं माणूस तरी आहे,” एवढेच ती म्हणाली.

टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मस्थान लहान आहे. २३ जुलै १८५६ रोजी टिळक ज्या घरात जन्मले त्याची कौलारू बांधणी आणि अंगण नीट राखलेले आहे, छायाचित्रांचे प्रदर्शन आहे. पतितपावन मंदिरात मात्र आमचा प्रश्न पुन्हा उपयोगी पडला. १९३१ साली भागोजी कीर यांनी सावरकरांच्या प्रेरणेने हे सर्व जातींना खुले असलेले मंदिर बांधले, हे शाळेत शिकलेले होते. पण सावरकर रत्नागिरीत का होते? १९२४ ते १९३७ या काळात सरकारने त्यांना या जिल्ह्यात स्थानबद्ध केले होते. थिबाला ठेवायला जी जागा योग्य वाटली तीच पुढे सावरकरांसाठी निवडली गेली, आणि दोन्ही वेळा कारण तेच होते : गाव वाहत्या रस्त्यांपासून दूर होते. आधी राजवाडा आणि मग मंदिर या क्रमाने गेल्यामुळेच हा दुवा आमच्या लक्षात आला.

रत्नागिरीहून भाड्याच्या गाडीने पावस, पूर्णगड करत आम्ही कशेळीला दुपारनंतर पोहोचलो. कशेळीचे कनकादित्याचे देऊळ प्रसिद्ध आहे आणि बाराव्या शतकाच्या अखेरचा शिलाहार भोज राजाचा ताम्रपट या देवस्थानाशी निगडित आहे. हाच भोज राजा विजयदुर्गाचा मूळ कर्ता मानला जातो, म्हणून त्याचे नाव आम्ही मनात टिपून ठेवले. आम्हाला ओढ होती ती मात्र सड्यावरच्या कातळशिल्पाची. कोकणातल्या जांभ्या दगडाच्या पठारांवर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली ही चित्रे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या काही वर्षांत गावोगाव फिरून शोधली आणि त्यांतली काही ठिकाणे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या रेषेच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत.

अशी शिल्पे पाहायला गेलेल्यांनी वेळ सांभाळावी, हे मी आग्रहाने सांगेन. कोरीव रेषा खोल नसते. माध्यान्हीच्या उन्हात जांभ्याचा पृष्ठभाग सपाट दिसतो आणि काहीच हाती लागत नाही. ऊन कलले की रेषेच्या एका काठाची सावली आत पडू लागते आणि मग चित्र हळूहळू उलगडते. आम्ही पोहोचलो तेव्हा केवळ दोन-चार वळणे ओळखू येत होती. सूर्य खाली जाऊ लागला तशी आधी सोंड, मग पाठीची कमान, मग पोटातली लहान चित्रे दिसू लागली. मी कडेला बसून एका रेषेवर बोटाने अंतर राखून माग काढत होते. दगड पावसाने झिजून जिथे खडबडीत झाला आहे तिथेही रेषेचा तळ गुळगुळीत होता. चपला काढून कडेकडेने फिरावे, चित्रावर पाय देऊ नये आणि रेषांत खडू किंवा पाणी भरू नये. छायाचित्र चांगले यावे म्हणून काही ठिकाणी लोक असे करतात आणि दर वेळी थोडी थोडी झीज वाढते.

इथेच का, याचे उत्तर सड्यावर चारी बाजूंनी नजर टाकली की थोडेसे मिळते. एवढी मोठी, सपाट आणि कोरता येण्याजोगी दुसरी पाटी या प्रदेशात नाही. त्यापलीकडे, हत्ती आणि कोकणच्या इतर कातळशिल्पांत दिसणारा एकशिंगी गेंडा हे इथल्या माणसाने कधी आणि कुठे पाहिले असतील, हा विचार गाडीत बसल्यावरही चालू राहिला.

वाघोटणचा पूल ओलांडून पडेलमार्गे गिर्ये गावात शिरलो तेव्हा विजयदुर्गाची चाहूल लागली. गिर्ये इथल्या रामेश्वर मंदिराकडे जाणारी वाट जांभ्या दगडात खोल कोरून काढली आहे आणि मंदिरासमोर संभाजी आंग्रे यांची समाधी आहे. याच परिसरात खाडीच्या काठी मराठ्यांची गोदी होती; भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे आणि ओहोटीला ते कोरडे पडले की दुरुस्त करायचे, अशी तिची रचना. किल्ला पाहण्याआधी ही जागा पाहिली हे चांगले झाले, कारण विजयदुर्ग हा सुटा किल्ला नसून गोदी, खाडी आणि बंदर यांच्यासह एक अखंड नाविक ठाणे होते, हे मनात पक्के झाले.

विजयदुर्गावर मात्र आम्ही जवळजवळ पूर्ण दिवस दिला. तिन्ही बाजूंनी समुद्र, एकात एक अशी तटबंदीची तीन कडी, आणि बाहेरून येणाऱ्याला दरवाजा समोर दिसू नये म्हणून वळवून घेतलेली वाट. १६५३ साली शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला आणि वाढवला. पुढे कान्होजी आंग्रे आणि त्यांच्या मुलांच्या काळात तो पश्चिम किनाऱ्यावरचा सर्वांत धाक असलेला तळ झाला. तटावर चढून खाडीच्या बाजूला उभे राहिले की ‘इथेच का’ हे सांगायला वाटाड्या लागत नाही. भूशिराच्या आडोशाने खाडीचे मुख नैर्ऋत्येच्या वाऱ्यापासून झाकलेले आहे. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते उथळ पाण्यात आतपर्यंत जाऊ शकत, तर मोठ्या विलायती जहाजांना बाहेरच नांगर टाकावा लागे.

आणि तरीही फेब्रुवारी १७५६ मध्ये हा किल्ला पडला. समुद्राकडून ॲडमिरल वॉटसनचे आरमार, जमिनीवर क्लाइव्हचे सैन्य आणि पेशव्यांची फौज, असा तो प्रसंग होता. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे आणि पेशवे यांचे हाडवैर विकोपाला गेले होते आणि पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. बंदरात नांगरलेल्या आंग्र्यांच्या जहाजांना आग लागली आणि एकाला लागून एक असे जवळजवळ सगळे आरमार जळाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या तहाने इंग्रजांनी बाणकोट घेऊन विजयदुर्ग पेशव्यांना दिला. पुढे आनंदराव धुळपांनी इथूनच पेशव्यांचे आरमार सांभाळले, आणि धुळपांचा वाडा गावात आजही आहे. लंडनमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत वॉटसनचे स्मारक आहे आणि त्यावर ‘घेरिया’ हे या किल्ल्याचे जुने नाव १३ फेब्रुवारी १७५६ या तारखेसह कोरलेले आहे. जिंकणाऱ्यांनी तारीख दगडात जपली. आपल्या बाजूला, ज्या पाण्यावर ते आरमार जळाले त्या पाण्याकडे पाहताना हा इतिहास सांगणारा एकही ठळक फलक मला आढळला नाही. मराठ्यांचे आरमार मराठ्यांच्याच संमतीने नष्ट झाले, ही गोष्ट सांगायला कठीण आहे, पण विजयदुर्गावर तीच सर्वांत महत्त्वाची आहे असे मला मनापासून वाटते. तटावरून उतरताना भाची बराच वेळ गप्प होती. मग तिने तुळाजीचे पुढे काय झाले, असे विचारले. पेशव्यांनी त्याला कैदेत ठेवले आणि तो कैदेतच गेला, एवढे तिला सांगितले.

किल्ल्यात आणखी एक जागा आहे, जिच्याविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. मोकळ्या भागात दगडी चौथरे आहेत. त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने या ओट्यांवर दुर्बीण लावून हेलियम वायूचा शोध लावला, असे तिथे अभिमानाने सांगितले जाते, आणि त्या तारखेला इथे हेलियम दिनही साजरा होतो. आम्ही निघण्यापूर्वी याविषयी वाचले होते. १८६८ च्या त्या ग्रहणाची पट्टी जमखिंडी, विजापूर, गुंटूर अशी देशाला आडवी छेदून गेली; फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता, इंग्रज अधिकारी जॉन हर्शेल जमखिंडीला होता. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होता. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला त्याने तिकडूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला आणि त्यात दिसलेल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियमचे नाव आले. पृथ्वीवर हा वायू रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीला सापडला तो १८९५ मध्ये.

मग ओटे कशाचे? लॉकियर विजयदुर्गाला खरोखरच आला होता, पण तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेचे अधिकारी आणि खलाशी त्याच्या मदतीला होते आणि त्यांना उपकरणांवरच्या कामाची तालीम देऊन त्याने इथे मोठी वेधशाळाच उभी केली होती. त्याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी जेऊर इथून घेतले. ओट्यांजवळ उभे राहून आम्ही भाचीचा प्रश्न दोन्ही तारखांना लावून पाहिला. १८ ऑगस्ट म्हणजे कोकणात ऐन श्रावण-भाद्रपदाचे दिवस. खवळलेला समुद्र, बंद बंदर आणि दिवसचे दिवस न दिसणारा सूर्य. जगभरातून सामान आणून कोणी शास्त्रज्ञ त्या दिवसांत या भूशिरावर तळ देणार नाही. जानेवारीत मात्र आकाश आम्ही पाहत होतो तसे निखळ निळे, समुद्र शांत, युद्धनौकेला जवळ नांगर टाकायला जागा आणि बाजूला तटबंदीचा आडोसा. विजयदुर्गच का, याचे उत्तर जानेवारीच देतो. तिथे भेटलेल्या स्थानिक वाटाड्याला आम्ही हे सांगितले तेव्हा त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि तारीख वहीत लिहून घेतली. १८९८ ची मोहीम हीही या किल्ल्याला पुरेशी मोठी कीर्ती आहे. ती खऱ्या तारखेसह सांगितली जावी, एवढीच माझी इच्छा आहे.

मालवणला सिंधुदुर्गासाठी आम्ही सकाळची पहिली होडी धरली. दशमी होती, म्हणजे साडेसातच्या सुमाराला पूर्ण भरती. धक्क्यावरून होडीत चढणे आईला त्यामुळे सोपे गेले. तिकीट घेताना परतीची वेळ विचारून घ्यावी, कारण किल्ल्यावर मिळणारा वेळ बहुधा तासाभराचाच असतो. आम्हाला तो कमी पडणार हे ठाऊक होते, म्हणून होडीवाल्याला आधीच विनंती करून नंतरच्या फेरीने परतण्याचे ठरवून घेतले.

किल्ल्यावर जाण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावरचा मोरयाचा धोंडा पाहून ठेवला होता. खडकावर गणपती, चंद्र, सूर्य आणि शिवलिंग कोरलेले आहे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी पायाभरणीची पूजा इथे झाली असे मानतात. तिथून समोर कुरटे बेट दिसते आणि मधल्या पाण्यात ठिकठिकाणी खडकांची डोकी. या पाण्यातून वाट माहीत असलेल्याच नाखव्याने होडी न्यावी. दुसऱ्या दिवशी आमच्या होडीवाल्याने सरळ न जाता वळसा घेतला आणि कारण विचारल्यावर हाताने खडकांची रांग दाखवली, तेव्हा महाराजांनी हेच बेट का निवडले त्याचा अर्धा उलगडा झाला. तट स्वतः उभारावा लागला, पण बाहेरचा खडकांचा फेर निसर्गाने आधीच दिलेला होता.

उरलेला अर्धा उलगडा आत आहे. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव या तीन विहिरींचे पाणी चहूकडून खारे पाणी असतानाही गोडे आहे. गोड्या पाण्यावाचून बेट निरुपयोगी ठरले असते. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली सुमारे तीन वर्षांत, १६६७ पर्यंत, हे काम उभे राहिले आणि पायाच्या दगडांत शिसे ओतले गेले. तटाचा फेर तीन किलोमीटरच्या आसपास आहे. सगळा फिरणे आईला शक्य नव्हते, म्हणून ती शिवराजेश्वराच्या मंदिरात बसली. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेल्या या मंदिरातली महाराजांची मूर्ती दाढीविना आणि कोळ्यासारखे शिरोभूषण घातलेली आहे. तटावर दोन लहान घुमट्यांत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे आहेत. हाताचा ठसा पाहताना माझे लक्ष बोटांच्या मधल्या चुन्याकडे गेले. ओला गिलावा दाबल्यावर कडेला उचलला जातो तशी बारीक उंच कड तिथे अजून दिसते. महाद्वाराची रचनाही होडीतून पाहिलेली लक्षात राहते : अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा तटात मिसळून गेलेला असतो.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद केली. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही त्यात आहेत. पर्यटकांची गर्दी आता वाढणार. सिंधुदुर्गावर आजही काही कुटुंबे राहतात, त्यांच्या अंगणातून आपण जातो याचे भान गर्दीने ठेवायला हवे. परत निघताना होडीवाला “पाणी ओसरता हा, बेगीन चला” म्हणून हाका मारत होता, आणि आम्ही दुपारच्या जेवणाला मालवणात होतो.

शेवटचा मुक्काम सावंतवाडी. मोती तलावाकाठचा जांभ्या दगडाचा राजवाडा खेम सावंत तिसरे यांच्या काळातला, अठराव्या शतकातला. तिथल्या दरबार दालनात गंजिफा म्हणजे जुन्या खेळातले गोल पत्ते रंगवणारे कलावंत काम करताना दिसतात. जे पाहायचे ते समोर घडत असते, म्हणून एरवी संग्रहालयात न रमणारे माझे यजमानही तिथून हलेनात. दशावतारी गंजिफाच्या संचात १० रंग, प्रत्येक रंगाची १२ पाने, एकूण १२० गोल पाने असतात. पूर्वी कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, गोल कापून, घोटून गुळगुळीत करून मग रंगवत आणि वर लाखेचा हात देत. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. आमच्यासमोर एक ताई माशांचे पान रंगवत होत्या. माशाचा डोळा त्या सर्वांत शेवटी, श्वास रोखून, कुंचल्याच्या दोन-तीन केसांनी टेकवत होत्या.

हा खेळ इथेच का, तर तेलंगणातून आलेल्या पंडितांमुळे तो सावंतांच्या दरबारात रुजला असे सांगतात. आणि तो टिकला मात्र राजघराण्याच्या प्रयत्नांमुळे. गेल्या शतकाच्या मध्याला ही कला जाणणारे जवळजवळ कोणीच उरले नव्हते. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरलेल्या वयोवृद्ध चिताऱ्याकडून ती स्वतः शिकून घेतली आणि सत्तरच्या दशकात राजवाड्यातच नव्या हातांना शिकवायला सुरुवात केली. वस्तू काचेआड ठेवण्यापेक्षा त्या घडवणारे हात जपणे अधिक कठीण असते. सावंतवाडीने ते करून दाखवले आहे.

भाचीने एक लहान संच घेतला आणि तिथल्या ताईंकडून खेळाचे नियम लिहून घेतले. तिघांत प्रत्येकी ४० पाने वाटायची, निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्यांत एक्का, आणि दिवसा खेळ मांडला तर रामाच्या राजापासून, रात्री मांडला तर कृष्णाच्या राजापासून सुरुवात करायची. आम्ही परतीच्या गाडीत बसलो तेव्हा दिवस मावळलेला होता, म्हणून आईने कृष्णाचा राजा कोणाकडे आहे ते विचारले आणि पहिला डाव मांडला. कोणत्या रंगात कोणते पान मोठे, हे पक्के व्हायला कणकवली मागे पडेपर्यंत वेळ लागला.